माझी दातखीळ कशी सुटली

मित्रांनो, मी एक जुना जबडा आहे. घाबरू नका, मी माणसं खात नाही. मी एकच वस्तू तोंडात धरतो आणि एकदा धरली की सहजासहजी सोडत नाही. लोक मला कनेक्टर म्हणतात.

खेळाच्या हॉलमध्ये ती उंच, कपाटासारखी यंत्रं असतात ना, वर काचेआड पडदा, खाली दांडा आणि बटणं? तशा एका यंत्राच्या पोटात मी राहतो. तिथे एक हिरवी पाटी असते, तिला सर्किट बोर्ड म्हणतात. सगळा खेळ तिच्या डोक्यात भरलेला असतो. तिची एक कड माझ्या तोंडात असते आणि माझ्या पाठीतून वायरींची जाडजूड वेणी निघून पडद्याकडे, स्पीकरकडे आणि बटणांकडे जाते. तुम्ही बटण दाबलंत की ते माझ्या कानी येतं, मी ते पाटीला सांगतो, पाटी विचार करते आणि पडद्यावर गोगलगाय उडी मारते. म्हणजे सगळी बातमी माझ्या तोंडून जाते, पण स्वतःचं म्हणून एक अक्षर मला कधी बोलता आलेलं नाही. आज तुम्ही ऐकायला बसलाच आहात, तर मी सगळं बोलून घेणार आहे.

हो, आणि मला दोन लाल डोळे आहेत. कनेक्टरला डोळे नसतात हे मलाही ठाऊक आहे. मला आहेत. ते कुठून आले हे सांगतोच, कारण सगळी भानगड त्यांच्यापासूनच झाली.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. भिंग लावून बसलेल्या एका बाईंनी माझ्या काळ्या जबड्यात एकेक दात बसवला, वर एक रांग, खाली एक रांग, अगदी तुमच्यासारख्या. फक्त माझ्या दातांना सोन्याचा मुलामा आहे आणि तुमच्या नाही, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. मग तपासनीस आले. त्यांनी एक पट्टी माझ्या तोंडात खुपसली आणि बाहेर ओढायला लागले. ती येईना. त्यांचा चेहरा लालबुंद झाला. मला वाटलं, आता आपल्याला ओरडा बसणार. पण पट्टी एकदाची निघाल्यावर ते घाम पुसत म्हणाले, "हा पास." आमच्यात घट्ट असणं हा गुण मानतात, हे मला त्या दिवशी कळलं. सैल कनेक्टर असला की खेळ ऐन रंगात असताना पडदा काळा होतो आणि मुलं यंत्राला लाथा घालतात.

हॉलमध्ये मला बसवलं ते एका मेकॅनिक बाईंनी. त्यांना मी आई म्हणणार आहे, कारण त्यांची मुलगी त्यांना तशीच हाक मारते आणि मला दुसरं नाव माहीत नाही. आईंचं मनगट म्हणजे पान्हाच होता. डब्यांची झाकणं उघडून घ्यायला अख्खा हॉल त्यांच्याकडे यायचा. पण माझ्याशी त्या शहाण्यासारख्या वागल्या. खरी पाटी लगेच माझ्या तोंडात न कोंबता त्यांनी एका मेलेल्या पाटीचा तुकडा घेतला आणि तो हळूहळू आत-बाहेर, आत-बाहेर केला. हॉलच्या मालकांनी विचारलं, "हे काय चाललंय?"

"नवी चप्पल आहे," आई म्हणाल्या, "चावणारच. आधी घरातल्या घरात वापरायची, मग बाहेर."

मग आली ती गोगलगायीची पाटी. मित्रांनो, काय खेळ होता तो! एक गोगलगाय दीपगृहावर चढते, वरून कंदील पडतात, बाजूने समुद्रपक्षी चोच मारतात, आणि ती शिखरावर पोचली की एक छोटीशी धून वाजते. ती धून आधी माझ्या दातांतून जायची. मुलं यंत्राभोवती इतकी दाटी करायची की मागच्यांना पुढच्यांच्या काखेतून बघावं लागायचं. कुणी शिखर गाठलं की सगळे ओरडायचे आणि मी अंधारात घट्ट धरून असायचो. श्रेय गोगलगायीला मिळायचं. मिळू दे, ती चढायची.

एकदा आई गावाला गेल्या होत्या आणि मालकांनी ओळखीतल्या एका मेकॅनिकला बोलावलं. त्याला नेहमी घाई. त्याने पाटी हातात धरली नाही, सरळ माझी वेणी धरली आणि खेचली. माझा एक दात वाकला आणि तोंडातली खुंटी तुटली. ही खुंटी फार कामाची असते. ती दातांच्या मध्ये उभी असते आणि पाटीच्या कडेला तिच्याजोगी खाच असते, त्यामुळे पाटी उलटी शिरतच नाही. उलटी शिरली तर भलत्या दातातून भलतीकडे वीज जाते आणि पाटी जळून कोळसा होते.

आईंनी परत आल्यावर कपाळावर हात मारला, सुईने माझा दात सरळ केला आणि पाटी पुन्हा बसवायला घेतली. खुंटी मात्र मिळेना. तेव्हा त्यांची मुलगी तिथेच हत्यारांच्या पेटीवर बसून पाय हलवत होती. इतकी लहान की तिच्याकडे एकच काम होतं, आईला चिमटा द्यायचा. म्हणून तिचं नाव पडलं चिमटी. हातात कुठून तरी मिळवलेली लाल नेलपॉलिशची बाटली होती आणि तिच्या तोवर तीन स्क्रूड्रायव्हरांच्या मुठी रंगवून झाल्या होत्या.

"चिमटे, तो रंग इकडे आण," आई म्हणाल्या. "याच्या वरच्या बाजूला एक ठिपका दे. म्हणजे वर कुठलं ते कळेल."

चिमटीने ठिपका दिला आणि मान वाकडी करून बघितलं. "आई, हा एका डोळ्याचा दिसतोय."

"दिसू दे."

पण तिला ते पटलं नाही. तिने दुसरा डोळाही काढला, आणि पहिल्यापेक्षा मोठा, चांगला ओथंबून. आईंचं लक्ष नव्हतं. त्यांनी रंग वाळायची वाट न बघता पाटी माझ्या तोंडात सरकवली आणि यंत्र भिंतीला टेकवलं. अंधारात माझ्या उजव्या डोळ्यातून एक थेंब ओघळला, ओठावरून खाली आला आणि कोपऱ्यात, माझ्या आणि पाटीच्या मधल्या फटीत जाऊन बसला. तिथेच वाळला. मला तेव्हाच समजलं की हे महागात पडणार. पण सांगणार कुणाला? तोंडात घास.

त्यानंतर कितीतरी वर्षं पाटी बाहेर काढायची वेळच आली नाही. चिमटी शाळेत जायला लागली, वरच्या वर्गात गेली, दुपारी दप्तर टाकून आईबरोबर हॉलमध्ये यायला लागली. माझ्या अंगावर धूळ बसली, वेणीवर कोळ्याने संसार थाटला. हॉलमध्ये नाचायची यंत्रं आली, हलणाऱ्या खुर्चीवर बसून चालवायच्या गाड्या आल्या. गोगलगायीसमोर कधीतरी एखादा लहानगा उभा राहायचा, तोही आपल्या बाबांची वाट बघत. मग धून घोगरी झाली. मग ती वाजेनाशीच झाली. पडद्यावर दीपगृह पाण्यात पडल्यासारखं डुलायला लागलं. पाटीवरचा एक कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा छोटा डबा, फुगला होता, डोक्यावर टेंगूळ आल्यासारखा. तो बदलायला पाटी बाहेर काढणं भाग होतं.

आईंनी ओढून पाहिली. मी सोडली नाही. म्हणजे मला सोडायची होती हो, पण माझी दातखीळ बसली होती. आई थकून म्हणाल्या, "पूर्वीचा मालच असा घट्ट, उद्या बघते," आणि दुसऱ्या दिवशी जिन्यावरून पाय घसरून त्यांचा उजवा हात प्लास्टरमध्ये गेला.

त्या आठवड्यात मालक एक चकचकीत डबा घेऊन आले. शंभर खेळांचा डबा. तो बसवायचा म्हणजे जुनी पाटी काढून टाकायची आणि माझी वेणी कात्रीने कापायची.

"वहिनी, तुमचा हात बरा होईपर्यंत थांबलो असतो," मालक सकाळी हॉल उघडताना म्हणाले, "पण आजपासून शाळांना सुट्टी. बंद यंत्रावर मी काय कपडे वाळत घालू?"

"कपडे नका घालू. दुपारपर्यंत वेळ द्या."

"आणि करणार कोण? एका हाताने?"

"माझ्याकडे दोन हात आणखी आहेत," आई म्हणाल्या आणि हनुवटीने चिमटीकडे दाखवलं. "जरा खांद्यापासून लांब आहेत, इतकंच."

चिमटीने केस वर बांधले. तिने आजवर आईच्या बाजूला उभं राहून खूप बघितलं होतं, पण एकटीने पाटी काढायची ही पहिलीच वेळ. आणि पाटीही अशी की तिच्यासारखी दुसरी कुठे मिळत नाही. तडा गेला की गोगलगाय गेली, आणि तिच्याबरोबर मीही.

"बरं, ऐक," आई स्टुलावर बसून म्हणाल्या. "आधी प्लग."

"काढला."

"मग फोटो काढ. सगळ्या बाजूंनी."

"काढले. एक तुझाही काढला, तोंड फुगवलेला."

"वायर धरू नकोस."

"मी कुठे धरली?"

"धरणार होतीस. आणि धूळ फुंकू नकोस. तोंडाची वाफ दातांवर बसते, मग गंज चढतो. ब्रश घे."

चिमटीने ब्रशने धूळ झाडली, कोळ्याला कागदावर घेऊन खिडकीत सोडलं आणि पाटीची कड दोन्ही हातांनी धरली. सरळ ओढायची नाही, हे तिला पाठ होतं. डावं टोक केसभर उचलायचं, मग उजवं टोक केसभर, मग पुन्हा डावं. माझं डावं टोक सुटायला लागलं, कित्ती बरं वाटलं म्हणून सांगू! उजवं मात्र हलेना. तिने जरा जोर लावला तशी पाटी वाकायला लागली.

इतक्यात 'कट्' असा आवाज झाला.

चिमटीचे हात जागच्या जागी थांबले. आई स्टुलावरून उठल्या. माझ्या तर सोन्याच्या दातांचं पाणी पाणी झालं.

"काय गं, काय झालं?" टोकन विकणाऱ्या काकू दारातून म्हणाल्या. त्या नुकत्याच आल्या होत्या आणि त्यांनी आपल्या पर्सची कडी बंद केली होती.

"काकू," चिमटी श्वास सोडत म्हणाली, "ती पर्स आज उघडू पण नका आणि बंद पण करू नका."

काकू पर्स पोटाशी धरून माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या. चिमटीने पुन्हा प्रयत्न केला. डावं टोक तयार, उजवं ठार बहिरं. आईंना राहवेना. "सरक. डावा हात आहे की मला. एक हिसका देते, येईल."

"नाही."

"नाही काय? या हातांनी शेकडो काढल्यात मी."

"येईल गं, तू ओढलीस तर नक्की येईल," चिमटी म्हणाली. ती बाजूला झाली नाही. "पण अख्खी येईल का ते सांग."

आईंनी पुढे केलेला हात मागे घेतला. मी त्यांना इतकी वर्षं ओळखतो, पण असं मागे हटताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. मग त्या स्टूल ओढून परत बसल्या आणि म्हणाल्या, "बरं. मग तू काय करणार?"

"आधी बघणार."

आणि ती जमिनीवर उताणी झाली, मोबाइलची बॅटरी लावून यंत्राच्या पोटात शिरली आणि मला खालून, तोंडासमोर तोंड आणून बघायला लागली. मित्रांनो, मला आजवर खूप जणांनी ओढलं होतं. बघितलं कुणीच नव्हतं.

"आई, याला डोळे आहेत."

"तूच काढलेस. लहान होतीस. स्क्रूड्रायव्हर पण बिघडवलेस."

"पण दोन्ही सारखे नाहीत. उजवा..." ती थांबली. मग खुदकन हसली. "उजवा रडतोय. एक ओघळ आलाय खाली. तो ओठावरून आत गेलाय. आई, हा घट्ट नाहीये. हा चिकटलाय. मी चिकटवलाय याला."

मग आई म्हणाल्या, "आणि मी गावभर सांगत फिरले, पूर्वीचा मालच असा घट्ट."

काकू इतक्या हसल्या की त्यांना यंत्राचा आधार घ्यावा लागला.

"काकू, यंत्र हलवू नका," मायलेकी एकदम म्हणाल्या.

"नाही हलवत. आणि आता पर्स उघडू का? माझ्याकडे नेलपॉलिशचा रिमूव्हर आहे."

चिमटीने हात पुढे केला, पण आईंनी अडवलं. "तो प्लास्टिक खातो कधीकधी. याचे ओठ विरघळले तर?" हे ऐकून माझी काय अवस्था झाली असेल ते तुम्हीच ओळखा. चिमटीने हत्यारांची पेटी उपसली आणि तळातून माझ्यासारखाच एक मोडका कनेक्टर काढला. त्याच्या ओठावर रिमूव्हरचा एक थेंब ठेवला आणि सगळे वाकून बघत बसले. चकाकी थोडी गेली, पण ओठ होता तसाच राहिला. बिचारा मोडका भाऊ, माझ्यासाठी आपली चकाकी देऊन गेला.

मग तिने दात कोरायच्या काडीला कापूस गुंडाळला, जेमतेम ओला केला आणि माझ्या डोळ्याखालचा ओघळ पुसायला घेतला. एक स्पर्श, लगेच कोरड्या कापसाने टिपायचं, पुन्हा एक स्पर्श. त्यात उजवा डोळाही पुसला गेला आणि लाल कापूस बाजूला पडत गेले. फटीतला रंग मऊ झाला की ती बारीक लाकडी काडीने तो उकरायची.

"माझी नखं मी स्वतः इतक्या मायेने कधी पुसली नाहीत," काकू हळूच म्हणाल्या.

"आता उडू दे तो वास," आई म्हणाल्या. "घाई नको. चहा घेऊ."

चहा झाला. चिमटी परत आली. डावं टोक केसभर. उजवं टोक... हललं. डावं. उजवं. एखादी पाटी जबड्यातून निघतानाचा आवाज तुम्ही ऐकला नसेल. अगदी बारीक 'सुळ्क' असा असतो. पाटी तिच्या हातात आली, अख्खी, एक ओरखडाही नाही. माझ्या दातांना इतक्या वर्षांनी वारा लागला. गुदगुल्याच झाल्या म्हणा ना. आणि खरं सांगू, जरा पोरकंही वाटलं.

पुढचं भराभर झालं. आईंनी सांगितलं आणि चिमटीने तापलेल्या कथिलाचा डाग दिला, फुगलेला कपॅसिटर निघाला, नवा बसला. पाटीची काळवंडलेली कड तिने दप्तरातल्या खोडरबराने घासून लख्ख केली. "या रबराने एवढं चांगलं काम पहिल्यांदाच केलं," ती म्हणाली, "एरवी माझी गणितं खोडतं."

"आता वर कुठलं, खाली कुठलं?" आईंनी विचारलं. परीक्षाच घेत होत्या त्या.

"डावा डोळा शिल्लक आहे. आणि फोटोत बघितलं दोनदा."

तिने पाटी सरळ धरली, दोन्ही अंगठ्यांनी सारखा दाब दिला आणि मी कडकडून चावलो. रंगाच्या मदतीशिवाय, माझ्या स्वतःच्या दातांनी.

"अजून घट्टच आहे की," ती म्हणाली.

"तसाच हवा तो."

प्लग लागला. पडदा काळा. मग एक रेघ. मग दीपगृह, सरळ, ताठ, पाण्यात न पडलेलं. मालक आत आले तेव्हा चिमटी दांडा धरून उभी होती आणि गोगलगाय अर्ध्यावर पोचली होती. एक कंदील चुकवला, दोन पक्षी चुकवले, शिखर आलं. आणि धून वाजली. स्वच्छ, खणखणीत, माझ्या दातांतून. हॉलच्या भिंती नुसत्या भरून गेल्या. चिमटीने आईच्या प्लास्टरवर टाळी दिली आणि आई "अगं हात, हात" करत हसत सुटल्या.

"बाजूला व्हा, मला बघू दे," मालक म्हणाले. ते खेळले आणि पहिल्याच कंदिलाला त्यांची गोगलगाय कोसळली.

"यंत्रात बिघाड नाही हं," काकू म्हणाल्या.

मालकांनी काखेतला शंभर खेळांचा डबा टेबलावर ठेवला. काकूंनी त्यावर रिकामे कप ठेवले. मालकांनी ते पाहिलं, पण कप उचलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "मागे ती गाडी पण बंद आहे. बघाल का, वहिनी?"

"मला काय विचारता?" आई म्हणाल्या. "हात तिचे आहेत."

चिमटीने असा चेहरा केला की जणू तिला रोजच असं कुणीतरी विचारतं. पण मी आतून बघत होतो. ती यंत्रामागे आली आणि कुणाला न दिसता जागच्या जागी दोन उड्या मारल्या.

मित्रांनो, आता माझं एकच मागणं आहे. तुमच्या घरातही माझ्यासारखे पुष्कळ जण असतील, कुठे टीव्हीच्या मागे, कुठे टेबलाखाली, गच्च धरून बसलेले. आम्ही सोडत नाही म्हणून चिडू नका, धरून ठेवणं हेच आमचं काम आहे. काढायचंच असेल तर वीज बंद करा, वायर खेचू नका, एकदा हे टोक, एकदा ते टोक, असं हळूहळू हलवा. आणि तरीही सुटत नसेल तर हिसका देण्याआधी खाली वाकून एकदा आमचं तोंड बघा. तिथे काय अडकलंय ते आम्हाला माहीत असतं, सांगता तेवढं येत नाही.

आणि माझा उजवा डोळा? तेही सांगतो. सगळे गेल्यावर आई म्हणाल्या, "चिमटे, एक डोळा राहिला." चिमटीने यंत्र बंद केलं, पाटी बाहेर काढली. या वेळी कसलाच त्रास झाला नाही. तिने काकूंकडची लाल नेलपॉलिशची बाटली आणली, ब्रश नीट निथळला आणि डाव्याएवढाच, अगदी टिकलीएवढा डोळा काढला. मग दोघी वाळायची वाट बघत बसल्या. आईंना वाट बघणं कधी जमलेलं नाही. त्या पुढे वाकल्या आणि माझ्यावर हळूच फुंकर घातली.

"आई, फुंकायचं नाही म्हणाली होतीस."

"दातांवर नाही फुंकत," आई म्हणाल्या. "डोळ्यावर फुंकतेय."